ऑफ-ग्रिड जायचंय? आधी इर्जिक घालायला शिका

रील तुम्ही पाहिलेली असणार. तिशीतलं जोडपं, मातीचं घर, कौलांवर सौर पॅनल, अंगणात कोंबड्या, चुलीवर भाकरी. खाली मथळा: 'नोकरी सोडली, आता सगळं स्वतःचं.' त्याखाली हजारो बदाम आणि 'आम्हालाही असंच जगायचंय' असे उसासे.

या जोडप्याच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. ऑफिसच्या खुर्चीत पाठ मोडून घेण्यापेक्षा वाफे खणावेत असं कुणाला वाटलं तर त्यात हसण्यासारखंही काही नाही. माझं भांडण आहे ते 'सगळं स्वतःचं' या दोन शब्दांशी. ते खोटे आहेत. आणि ही निरुपद्रवी थाप नाही. तिच्यामुळे कुणाचे तरी कष्ट झाकले जातात, कुणाची तरी जमीन जाते आणि जे कौशल्य खरोखर शिकायला हवं ते शिकायचं राहून जातं.

आधी हिशेब मांडू

पाण्यापासून सुरुवात करू. तुमच्या घराचं छप्पर हजार चौरस फुटांचं आहे आणि तुमच्या भागात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. छपरावर सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडेल. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं पाणी वजा करता ४५ हजार लिटर हाती लागेल. सरकारी नळ योजनांचं किमान माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. चौघांना २२० लिटर. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना जवळपास ५३ हजार लिटर लागले. म्हणजे सगळं पाणी अडवून, हजार लिटरच्या ४५ टाक्यांत साठवूनही मेच्या आधीच घसा कोरडा.

आता गॅस. सिलिंडर नको म्हणून गोबरगॅस बांधला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. त्यासाठी दावणीला चार-पाच मोठी जनावरं हवीत. एकेक जनावर दिवसाला ४० लिटर तरी पाणी पितं आणि शेण कालवायला शेणाइतकंच पाणी लागतं. म्हणजे रोज आणखी २०० लिटरच्या वर. सिलिंडर वाचला, पण पाण्याची गरज दुप्पट झाली. वैरणीचा विषय तर अजून काढलेलाच नाही.

धान्य? चार माणसांना रोज माणशी ४०० ग्रॅम धरलं तर वर्षाला सहा क्विंटल ज्वारी लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल आली, तर नुसत्या भाकरीसाठी दीड-दोन एकर गेले. तूर, करडई, मिरची वेगळी. मीठ तर पिकतच नाही, ते आगरातूनच येतं. कुदळीचं लोखंडही कुणी परसात वितळवत नाही.

राहिली वीज. एक किलोवॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतं. दिवे, पंखे, फोन, लहान फ्रिज भागतो. कोकणातल्या जुलैत मात्र चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि सगळी भिस्त बॅटरीवर येते. ती बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर तिन्ही कारखान्यात बनतात आणि तो कारखाना ग्रिडवरच चालतो. तुमचं घर तारेपासून सुटलं, कारखान्यापासून नाही.

एवढा हिशेब कुणी सांगत नाही, कारण तो तीस सेकंदांत बसत नाही. आणि सांगितला तर विकायला काही उरत नाही.

'आजोबांचं गाव स्वयंपूर्ण होतं ना?'

हा प्रश्न येतोच. खेडं स्वयंपूर्ण होतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. कसं होतं ते पाहायचं असेल तर त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ साली आलेलं 'गाव-गाडा' वाचा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, मांग, महार अशा बलुतेदारांच्या कामावर तो गाडा चालत होता. कोणतं काम कुणी करायचं हे जन्मानं ठरलेलं होतं. मोबदला सुगीत खळ्यावर मिळायचा, तोही देणाऱ्याच्या मर्जीनं. मेलेलं ढोर ओढणं, सांगावा घेऊन गावोगाव धावणं, सीमेची राखण ही कामं महारांच्या माथी वतन म्हणून मारलेली होती. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडावं लागलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या या गोडव्यांवर सडकून टीका केली होती. ते खेडं ज्यांनी खालून पाहिलं, त्यांना त्यात स्वावलंबन दिसलं नाही.

घराच्या आत पाहा. पहाटे उठून जातं ओढणारी, आडावरून घागरी आणणारी, धुरात डोळे चोळत चूल फुंकणारी बाई ही त्या 'स्वयंपूर्ण' घराचं इंजिन होती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्याला रामराम करायला बायकांनी वेळ लावला नाही. त्यांना विचारलं असतं तर 'स्लो लिव्हिंग'वर त्या काय बोलल्या असत्या, ते इथे छापता येणार नाही.

कुणी म्हणेल, गांधींनी तर हेच सांगितलं. गांधींनी काय उभं केलं तेही पाहू. १९३४ साली वर्ध्यात ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पांसारखा, परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेला हिशेबतज्ज्ञ त्याचं काम पाहत होता. घाणा, हातकागद, मधमाशीपालन यांवर प्रयोग झाले, ते गावातल्या माणसाला रोजगार मिळावा म्हणून. सेवाग्राम हा आश्रम होता. तिथे माणसं, पाळ्या आणि नियम होते. एका कुटुंबानं कुंपण घालून सुखी व्हावं, असा तो कार्यक्रम नव्हता.

परदेशी उदाहरण हवं असेल तर ऑफ-ग्रिडवाल्यांचा आद्यपुरुष हेन्री थोरो घ्या. तो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला, पण जमीन मित्राची, राल्फ वाल्डो इमर्सनची होती. गावही चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आणि सव्वादोन वर्षांच्या आत तो परतला.

कॅमेऱ्याच्या मागे कोण आहे?

मुळशी, कर्जत, मुरबाड या पट्ट्यांत फिरून पाहा. 'स्वयंपूर्ण' फार्मच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली असते. तिथे एक जोडपं राहतं. जनावरांचं शेण तेच काढतात, पंप तेच चालू करतात, मालक पुण्या-मुंबईला गेले की कोंबड्या तेच सांभाळतात. रीलमध्ये ते नसतात. असले तर 'आमचे काका-मावशी' म्हणून एखादा सेकंद. रायगड-ठाण्यातल्या अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर उभ्या आहेत. ज्यांना मातीचं घर बांधता येतं, रानभाजी ओळखता येते, पावसाचा अंदाज घेता येतो, त्यांच्या नावावर सातबारा नाही. ज्यांच्या नावावर सातबारा आहे, ते हे सगळं वीकेंडच्या वर्कशॉपमध्ये शिकतायत.

आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्यातली ही तरतूद कसणाऱ्याच्या हातात जमीन राहावी म्हणून आहे. ती अडचण वाटू लागली की पळवाटा शोधल्या जातात, भाव चढतात आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पोराला वाटतं की कसण्यापेक्षा विकणं बरं. गावाकडे परतण्याच्या या लाटेत गावचीच माणसं बाहेर फेकली जातात.

सगळ्यात मोठी थाप बोअरची. 'पाणी आमचं स्वतःचं, बोअर मारलीय.' बोअरचा खड्डा तुमच्या गटात असेल, पाणी त्याच खडकातलं, ज्यातून शेजाऱ्याच्या विहिरीला झरे फुटतात. तुम्ही ३०० फुटांवर गेलात की त्याची ४० फुटांची विहीर बोलायची बंद होते. मग त्याच्या घरी टँकर आणि तुमच्या घरी स्वावलंबन.

ही सवय जुनीच आहे. नळाला पाणी नाही, ऐपतवाल्यानं टँकर बोलावला. वीज नाही, इन्व्हर्टर बसवला. शाळा चालत नाही, पोरगं खासगी शाळेत घातलं. दरवेळी ज्याच्या आवाजाला वजन होतं तो सामायिक सोयीतून बाहेर पडला आणि मागे उरलेल्यांची तक्रार ऐकायला कुणी उरलं नाही. ऑफ-ग्रिड हे त्याच पळण्याचं हिरवं रूप आहे.

ज्यांनी खरंच जमवलं

असं जगणं शक्यच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याच मुलखात ते जमवलेली माणसं आहेत. फक्त त्यांतलं कुणीही एकटं नाही.

धुळे-नाशिककडची फड पद्धत घ्या. पांझरा, मोसम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांतून पाट काढून पाणी शेतात फिरवायचं. शेतांचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कोणतं ते मिळून ठरवायचं, पाणी पाळीनं घ्यायचं, पाट साफ करायला सगळ्यांनी जायचं. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार. ही व्यवस्था काही शतकं चालली. तिच्यात विजेची मोटर नव्हती. नियम पाळण्याची सवय होती आणि मोडणाऱ्याला विचारण्याची हिंमत होती.

हिवरे बाजारनं दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. किती पाऊस पडला, किती पाणी मुरलं, त्यावर कोणती पिकं घ्यायची हे गावानं ठरवलं. शेतीसाठी बोअर मारायला बंदी घातली. तुमच्या स्वप्नातल्या फार्मची पहिली खरेदीच तिथे गुन्हा ठरते, हे लक्षात घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं राखलं आणि बायकांच्या हातांनी ते गावोगाव पोचवलं. बियाणं बरणीत बंद करून 'माझं' म्हटलं की काही हंगामांत त्याची उगवण जाते. ते पेरत, वाटत राहिलं तरच जगतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तोही सगळ्यांनी एकत्र बसून, एकमत होईपर्यंत चर्चा करण्याच्या जुन्या सवयीच्या जोरावर.

मग शिकायचं काय?

हाताची कामं जरूर शिका. बी नीट वाळवून राखेत कालवून ठेवणं, ओला कचरा कुजवणं, नळाचा वॉशर बदलणं, कुदळीला दांडा बसवणं, पर्जन्यमापक लावून रोज नोंद ठेवणं. यासाठी दोन एकर लागत नाहीत, चाळीची गॅलरीही पुरते. हात चालायला लागले की डोकंही ताळ्यावर येतं.

पण यूट्यूबवर न मिळणारं एक कौशल्य आहे: इर्जिक घालणं. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: एखाद्याची नांगरट किंवा काढणी अडली की गावातली माणसं आपापले बैल-अवजारं घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि एका दिवसात काम उरकतात. मजुरी नाही, त्या दिवशीचं जेवण त्यानं घालायचं. सावड हा त्याचाच भाऊ. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, खळ्यावर मळणी, मग वारा बघून उफणणी. दोन माणसांनी आणि एका कॅमेऱ्यानं हे होत नाही.

इर्जिकीला दोष नव्हते असं नाही. कुणाच्या रानात कोण जाणार आणि पंगतीत कोण कुठे बसणार, हे जातच ठरवायची. म्हणून ती जशीच्या तशी उचलायची नाही. पंगत एकच ठेवायची आणि बाईला फक्त चुलीपाशी उभं करायचं नाही. आजोबांच्या गावाला जे जमलं नाही ते आपल्याला करायचंय, हे कठीण काम आहे आणि म्हणूनच करण्यासारखं आहे.

शहरातही इर्जिक घालता येते. सोसायटीच्या गच्चीवरचं पाणी विहिरीत मुरवायला वीस घरांचं एकमत करून दाखवा. वॉर्डात टँकर कुणाला किती मिळतो याची यादी मागा. गावी जमीन असेल तर १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जाऊन बसा, पाण्याचा विषय निघाला की तोंड उघडा. कंटाळा येईल, भांडणं होतील, फोटो चांगले येणार नाहीत. पाणी मात्र येईल, आणि तुमच्या एकट्याच्या टाकीत येणार नाही.

पुढच्या वेळी मातीच्या घराची रील समोर आली की बदाम देण्याआधी खाली तीन प्रश्न लिहा. मेमध्ये पाणी कुठून येतं? शेण कोण काढतं? आणि शेजाऱ्याच्या विहिरीला किती फुटांवर पाणी आहे? उत्तर देणारे काही जण निघतील, त्यांना जरूर फॉलो करा. बाकीचे तुम्हाला ब्लॉक करतील.