न चाललेले नाणे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पैशाची व्याख्या पाठ असावी लागते. मलाही आहे. पण अमेरिकेच्या एका सेंटविषयी वाचल्यापासून ती मला अपुरी वाटू लागली आहे.

1973 साली तांबे फार महागले, म्हणून तेथील टांकसाळीने 1974 हे वर्ष घालून अ‍ॅल्युमिनियमचे 15 लाखांहून अधिक सेंट पाडून पाहिले. काही नमुने संसद सदस्यांच्या हाती दिले. मग तक्रारी सुरू झाल्या. तांबेवाल्यांचा विरोध स्वाभाविकच होता. यंत्रात नाणे टाकून माल विकणारे म्हणाले, हे आमच्या यंत्रात चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, मुलाने गिळले तर क्ष-किरणात ते नीट दिसायचे नाही. (हसू नका, मला हाच आक्षेप सर्वांत खरा वाटतो.) बेत बारगळला, नाणी वितळवली गेली. वाटलेल्या नमुन्यांपैकी काही मात्र परत आलेच नाहीत! पुढे 1982 मध्ये सेंट जस्ताचा झाला; अखेर एक सेंट पाडण्यास तीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो पाडणेच थांबले.

2014 साली डेन्व्हरच्या टांकसाळीतील एका जुन्या अधिकाऱ्याच्या वारसाने असाच एक सेंट लिलावात काढायचे ठरवले. लाखो डॉलर येतील असा अंदाज होता. सरकारने हक्क सांगितला आणि 2016 मध्ये नाणे परत घेतले. माझ्या मित्रांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. टांकसाळीत पडले म्हणून नाणे पैसा होत नाही, सरकारने चलनात सोडले तरच होते. तोवर तो सरकारचा मालच.

आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियम खरोखरच चालले, 1964 च्या तीन पैशांपासून. माझी आजी बाजारात दही विकायची. कोणी कानडीत ‘दुड्डु’ म्हणो, कोणी मराठीत ‘पैसे’, तिच्या डब्यात पडायची ती हीच हलकी पाच-दहा पैशांची नाणी. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी बंद झाली. त्याआधी बँकेत जाऊन ती बदलून घ्यावी, हे तिला कोणी सांगितलेच नाही.

गेल्या सुट्टीत मी तो डबा जुनी नाणी घेणाऱ्या एका दुकानदाराकडे नेला. त्याने न मोजताच किलोचा भाव सांगितला. मी डबा घरी परत आणला.