हिरव्या स्टिकरमागची कळ

प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची रांग लागते. 2016 साली सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’चा हा दिवस. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, बाळाचे ठोके तपासले जातात आणि कार्डावर स्टिकर लागते. लाल म्हणजे जोखीम, हिरवे म्हणजे सारे सुरळीत. मातामृत्यू रोखण्यासाठी उभारलेली ही व्यवस्था मोलाचीच आहे. गोव्यात आज 99 टक्क्यांहून अधिक प्रसूती रुग्णालयांत होतात, हे काही आपोआप घडलेले नाही. पण हिरवे स्टिकर लागलेल्या बाईला बसची पायरी चढताना जांघेत सुरी फिरल्यासारखी कळ येत असेल, रात्री कूस बदलणे असह्य होत असेल, तर ते त्या स्टिकरमध्ये मावत नाही.

वैद्यकात या दुखण्याला ‘पेल्विक गर्डल पेन’ म्हणतात. साधारण पाचपैकी एका गर्भवतीला ते जाणवते. ओटीपोटाखाली, पुढच्या बाजूला जिथे दोन हाडे जुळतात तो सांधा आणि मागे माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंचे सांधे गरोदरपणात सैल होतात. भार असमान पडू लागला की दुखणे सुरू होते. एका पायावर उभे राहून सलवार चढवणे, स्कूटरवर पाय टाकून बसणे, विळीवर बसून मासळी कापणे, काजूच्या कारखान्यात तासन्‌तास एकाच बैठकीत काम करणे, या साऱ्यांत ते उसळते. बाळाला त्यापासून धोका नसतो. नेमके म्हणूनच ते दुर्लक्षित राहते. ‘या दिवसांत दुखायचेच’ हे वाक्य सासू बोलते, शेजारीण बोलते आणि घाईत असलेले डॉक्टरही बोलतात.

मराठीत दिवस गेलेल्या बाईला ‘अवघडलेली’ म्हणतात. शरीराचे जड होणे आणि मनाचा संकोच, दोन्ही या एका शब्दात आहेत. कंबर दुखते हे ती सांगेल. पण मांड्या दूर करताना कळ येते आणि म्हणून शरीरसंबंध नकोसा झाला आहे, हे ती सहसा कोणाला सांगत नाही. तपासणीच्या खोलीत तो प्रश्न क्वचितच विचारला जातो. मग दोन टोकांचे समज घरात नांदतात. एक, नऊ महिने संबंध वर्ज्यच. दुसरा, नवऱ्याचे मन मोडू नये म्हणून सोसावे. दोन्ही चुकीचे. गर्भारपण निर्धोक असेल तर संबंधाने बाळाला इजा होत नाही. गर्भजलाची पिशवी आणि बंद असलेले गर्भाशयमुख त्याचे रक्षण करतात. रक्तस्राव, खाली सरकलेली वार, पाणी जाणे किंवा अकाली प्रसूतीची शक्यता असेल तर मात्र डॉक्टर संबंध टाळायला सांगतात. या सांध्यांचे दुखणे असेल तेव्हा कुशीवर झोपून, गुडघ्यांना उशीचा आधार देऊन अनेकींना आराम पडतो. इच्छा कमी होणे हाही आजार नव्हे. नुसती जवळीक पुरेशी वाटण्याचे ते दिवस असू शकतात.

इथे कायद्याचाही संबंध येतो, आणि तो सुखावह नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सज्ञान पत्नीशी पतीने केलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लैंगिक छळाला हिंसाच मानतो, एवढाच काय तो आधार. ‘दुखते, नको’ या दोन शब्दांमागे कायदा पुरता उभा नसताना, ते शब्द दवाखान्यात तरी निःसंकोच उच्चारता यावेत अशी अपेक्षा अवाजवी नाही.

उपाय खर्चिकही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या शिफारशींत गरोदरपणात नियमित व्यायामाचा आग्रह धरला आणि अशा दुखण्यासाठी फिजिओथेरपी व आधारपट्ट्याचे पर्याय सुचवले. 9 तारखेला एक फिजिओथेरपिस्ट बसवणे आणि परिचारिकेने दोन प्रश्न अधिक विचारणे, एवढे आपल्या छोट्या राज्याला जड जाऊ नये. गर्दीचे कारण पुढे केले जाईल. ते खरेही आहे. पण जोडीदार बाहेरच्या बाकावर मोबाइल पाहत बसलेला असतो. त्याला आत बोलावून हेच दहा मिनिटांत सांगता येईल.

तोवर घरी दोन गोष्टी पाळाव्यात. औषधाच्या दुकानातून मनाने वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या 20 आठवड्यांनंतर टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये दिला आहे. आणि प्रत्येक कळ सांध्याचीच समजू नये. ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, रक्त वा पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या 9 तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.