खेळातील प्रेम आणि पक्ष्यांची सभा



माझा एक भाचा अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी शिकावयास आहे. हिवाळ्यात तिकडची तळी गोठून दगडासारखी होतात आणि संध्याकाळी बाहेर हिंडण्याची सोय राहत नाही. म्हणून तो आणि त्याचे पाच मित्रमैत्रिणी दर शनिवारी एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, तुम्ही गावात नाताळची नाटके बसविली आहेत. मला एक सल्ला हवा आहे. संत व्हॅलेंटाइनच्या दिवसानिमित्त आमच्या खेळाची एक बैठक प्रेम ह्या विषयावर योजावयाची आहे. पण मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती पुन्हा व्हावयास नको.”

चूक कोणती हे सांगण्यापूर्वी खेळ कोणता हे सांगितले पाहिजे. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. म्हणजे तळघरे आणि अग्निसर्प. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी तो प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेस केवळ 1000 पेट्या छापल्या होत्या. दोघांपैकी आर्नेसन हे मिनियापोलिस व सेंट पॉल ह्या जुळ्या शहरांच्याच परिसरातले. तेव्हा भाचा जेथे राहतो तेथेच ह्या खेळाची एक पाळेमुळे रुजली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या खेळात सोंगट्यांपेक्षा गोष्टीला मान अधिक. एक जण सूत्रधार होतो. तो एका काल्पनिक देशाचे वर्णन करतो: येथे किल्ला आहे, येथे जंगल आहे, पुलावर राक्षस बसला आहे. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी डोंगरात राहणारा बुटका. आपले पात्र काय करील हे ज्याचे त्याने सांगावयाचे. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकावयाचा आणि पडेल त्या आकड्यावर यश किंवा अपयश ठरवावयाचे. थोडक्यात, संहिता नसलेले हे नाटक होय. त्याला प्रेक्षक नाहीत, आणि शेवट कोणालाच ठाऊक नाही.

जादू आणि राक्षस ही नावे ऐकून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतील पुष्कळ ख्रिस्ती घरांतूनही ह्या खेळाविषयी भय पसरले होते. परंतु भाच्याच्या चुकीचा जादूटोण्याशी संबंध नव्हता. ती माणसांच्या मनाशी संबंधित होती, आणि म्हणूनच ती आपल्याही ओळखीची आहे.

ह्या खेळाच्या पुस्तकात एका प्रेमपेयाचे वर्णन आहे. ते गुलाबी असते, फसफसते, आणि नीट न्याहाळल्यास त्यात हृदयाच्या आकाराचा एक बुडबुडा दिसतो. ते पिणाऱ्याने पुढच्या 10 मिनिटांत ज्याला पाहावे, त्याच्यावर त्याचे मन 1 तास मोहित होते. गेल्या वर्षी भाच्याने मेजवानीच्या प्रसंगात हे पेय सर्वांच्या पात्रांसमोर ठेवले. फासे पडले, आणि एका मुलीचे पात्र एका मुलाच्या पात्रावर मोहित झाले. त्या मुलाचे मन प्रत्यक्षातही तिच्याकडे ओढ घेत होते; हे टेबलावर सर्वांस ठाऊक होते, आणि तिला ते नकोसे होते. सगळे खो खो हसले. मुलगी हसली नाही. नियमाप्रमाणे तिच्या पात्राने तासभर त्याची स्तुती करावयाची होती. तिने दोन वाक्ये म्हटली, कोट घातला आणि ती निघून गेली. पुढचे दोन शनिवार ती आली नाही.

“मी फक्त गंमत योजली होती, मामा,” भाचा म्हणाला.

मी काही वेळ बोललो नाही. मला आमच्या गावातला एक मुलगा आठवला. पूर्वी नाटकांत स्त्रीपात्र मुलगेच करीत. एका नाताळात मी त्या मुलास नायिका केले, कारण त्याचा आवाज नाजूक होता आणि लोक हसतील हे मला ठाऊक होते. लोक हसले. नाटक एका रात्रीत संपले. पण त्या नायिकेचे नाव त्या मुलास पुढे वीस वर्षे चिकटून राहिले. विहिरीवर, बाजारात, त्याच्या स्वतःच्या लग्नातदेखील ते कोणी ना कोणी उच्चारीच. रंग धुऊन जातो. परंतु रंगविणाऱ्याने आधी विचारले होते की नाही, हे रंगलेला माणूस विसरत नाही. मी त्याला विचारले नव्हते.

हे मी भाच्यास सांगितले आणि म्हटले, “तुझी पहिली तयारी गोष्टीची नव्हे, विचारण्याची. बैठकीच्या आठवडाभर आधी प्रत्येकास एकेकट्याने विचार: प्रेमाची गोष्ट खेळावयास आवडेल काय? आपल्या पात्राने कोणावर प्रेम करावे असे वाटते काय? काय अजिबात नको? सर्वांसमोर विचारू नकोस. चारचौघांत नाही म्हणावयास मोठे धैर्य लागते.”

ह्यावर त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मला आवडली. त्याच्यासारख्या खेळाडूंनी ह्यासाठी काही रीती आधीच घालून ठेवल्या आहेत. एका रीतीत दोन याद्या करतात. एका यादीतील विषय गोष्टीत येऊच द्यावयाचे नाहीत. दुसरीतील विषय आले तरी पडद्याआड ठेवावयाचे, त्यांचे वर्णन करावयाचे नाही. दुसरी रीत जॉन स्टॅव्हरोपोलस ह्यांनी रूढ केली. टेबलाच्या मध्यभागी ‘एक्स’ अक्षराचे एक कार्ड ठेवतात. कोणासही एखादा प्रसंग नकोसा झाला तर त्याने त्या कार्डास हात लावावा. प्रसंग तेथेच बदलतो, आणि कारण सांगावे लागत नाही. “मग गेल्या वर्षी ते कार्ड कोठे होते?” मी विचारले. तो म्हणाला, “पेटीत.”

आता गोष्ट कोणती योजावी हा प्रश्न उरला. ज्या संताच्या नावाने हा दिवस पाळतात त्याच्याविषयी खात्रीने फार थोडे सांगता येते: तो रोमचा रक्तसाक्षी, आणि फ्लामिनियन मार्गावर त्याचे दफन झाले. म्हणूनच 1969 साली उपासनेचे पंचांग सुधारताना सार्वत्रिक पंचांगातून त्याचे नाव वगळले गेले. रक्तसाक्षींच्या यादीत मात्र ते अजून आहे. मग ह्या दिवसाचा प्रेमाशी संबंध आला कोठून? त्याचा माग काढता काढता आपण जेफ्री चॉसर ह्या इंग्रज कवीपाशी येतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने पक्ष्यांच्या सभेवर एक दीर्घ काव्य लिहिले, आणि ह्या दिवसास प्रेमाशी जोडणाऱ्या आरंभीच्या लिखाणांत त्याची गणना होते.

कथा अशी. संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सारे पक्षी आपापला जोडीदार निवडण्यासाठी निसर्गदेवीपुढे जमतात. एका गरुडमादीसाठी तीन गरुड उभे राहतात आणि तिघेही आपापल्या प्रेमाची बाजू मांडतात. वाद लांबतो. खालच्या रांगेतले पक्षी कंटाळून ओरडू लागतात, कारण त्यांच्याही जोड्या खोळंबल्या आहेत. हंसी म्हणते, ती नाही म्हणत असेल तर त्याने दुसरी पाहावी. होला लाजत सांगतो की खरा प्रेमी मरेपर्यंत एकनिष्ठ राहतो. कोकीळ केवळ स्वतःपुरते पाहतो. शेवटी निसर्गदेवी एका गरुडाची शिफारस करते, परंतु निवड गरुडमादीवर सोपविते. आणि ती गरुडमादी काय मागते? तिघांपैकी कोणासही न निवडता ती एक वर्षाची मुदत मागते. ती तिला मिळते.

मी भाच्यास म्हटले, “हीच तुझी बैठक. प्रेमाचा दिवस ज्या कथेपासून रुजला, तिच्यातच ‘आज नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे. गेल्या वर्षी तुझ्या टेबलावर तीच नव्हती.”

पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही फोनवर आराखडा केला. कोणास असा प्रसंग योजावयाचा असल्यास उपयोग होईल म्हणून तो येथे देतो.

बैठक चार तासांची. पहिला अर्धा तास जेवणाचा; कारण भुकेली माणसे गोष्टीत रमत नाहीत. (14 फेब्रुवारीची तारीख धरताना पंचांगही पाहावे. 2018 आणि 2024 साली त्याच दिवशी राखेचा बुधवार आला होता, आणि 2029 सालीही येणार आहे.) पुढचा एक तास प्रवासाचा. बर्फाळ घाटातून पक्ष्यांच्या सभेस जावयाचे आणि वाटेत एका म्हाताऱ्या नावाड्याने आपल्या बायकोसाठी दिलेला निरोप पोहोचवावयाचा. हा भाग मी मुद्दाम घालावयास लावला. प्रेम म्हटले की तरुण-तरुणीच डोळ्यांपुढे येतात. परंतु चाळीस वर्षे संसार केलेल्या जोडप्याचे प्रेम, बहीणभावाचे प्रेम, मेलेल्या मित्रासाठी राखलेला शब्द, ह्यांतही गोष्टीस पुरेसा जीव असतो. ज्यास प्रेमाचा अभिनय करावयाचा नाही, त्यासही अशा प्रसंगात काम मिळते.

त्यानंतर दोन तास सभेचे. खेळाडूंची पात्रे प्रेमिक नव्हेत, वकील. तीन गरुडांची बाजू तिघांनी मांडावयाची, हंसी आणि होला आणखी दोघांनी व्हावयाचे. अशाने कोणास कोणाच्या तोंडाकडे पाहून प्रेमाची वाक्ये म्हणावी लागत नाहीत, आणि विनोदास तर वाव राहतोच. शेवटचा अर्धा तास गप्पांचा: काय आवडले, काय खुपले.

फाशांविषयी एक नियम आम्ही पक्का केला. फासा टाकून भाषण प्रभावी झाले की नाही हे ठरवावे. गरुडमादीचे मन ठरवू नये. वीस बाजूंच्या फाशावर वीसचा आकडा पडला तरी फार तर सभा टाळ्या वाजवील. मोहिनी घालणारे मंत्र त्या दिवशी बंद. खेळाच्या नियमांनीही येथे आपली बाजू घेतली आहे: माणसास वश करण्याचा जो साधा मंत्र त्यात आहे, त्याचा अंमल उतरताच आपणावर मंत्र घातला होता हे त्या माणसास कळते. तेव्हा तशा मार्गाने मिळविलेल्या मैत्रीचा शेवट काय होणार, हे नियम लिहिणारांनाही ठाऊक होते.

राहिली गरुडमादी. तिचे काम कोणी करावयाचे? भाच्याचा बेत होता की आपणच करावे. मी म्हटले, “ती जागा रिकामी ठेव. कोणी मागितली तर दे.”

बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. मागच्या वर्षी रुसून गेलेली मुलगी आली होती. आठवडाभर आधी विचारल्यामुळेच आली, असे तिने सांगितले. तिच्या वाट्यास होला आला होता. तिघा गरुडांची भाषणे झाली, आणि ती म्हणाली, “माझ्या होल्याचे बोलून झाले. आता गरुडमादी मी होऊ काय?” मग तिने तिन्ही वकिलांस एकच प्रश्न विचारला: मी नाही म्हटले तर तुमचा गरुड उद्या सकाळी काय करील? पहिला म्हणाला, तो प्राण देईल. दुसरा म्हणाला, तो इतर दोघांशी लढेल. तिसऱ्या गरुडाचा वकील होता तोच मुलगा, ज्याच्यापायी मागच्या वर्षी ती उठून गेली होती. तो जरा थांबला आणि म्हणाला, “त्याला वाईट वाटेल. मग तो मासे धरावयास जाईल.”

सगळे हसले, आणि ह्या खेपेस तीही हसली. तिने एक वर्षाची मुदत मागितली. कार्ड टेबलावर मध्यभागी होते. त्यास कोणाचा हात लागला नाही.

वाचकहो, परदेशातील मुलांच्या एका खेळावर मी इतके का लिहिले, असे कोणी विचारील. आपल्या घरी मुलीसाठी स्थळ येते, तेव्हा आपणही त्या निसर्गदेवीसारखे एकाची शिफारस करतो. त्यात वावगे काही नाही. वडीलधाऱ्यांनी सल्ला द्यावयाचा नाही तर कोणी? लग्नविधीतही संमती विचारली जाते ती वधूवरांची, आईबापांची नव्हे. पण वेदीपुढचा तो प्रश्न खरा ठरावयाचा असेल तर तो आधी स्वयंपाकघरात, एकांतात, नाही म्हणता येईल अशा आवाजात विचारलेला असला पाहिजे.

त्या नायिका झालेल्या मुलास, आता तो आजोबा झाला आहे, मी परवा बाजारात भेटलो. त्याला हे सारे सांगितले आणि माफी मागितली. तो म्हणाला, “फार उशीर केलात, गुरुजी.” मग दोघांनी मिळून चहा घेतला. पैसे त्याने मला देऊ दिले.