अकरा-एची खिडकी

आखातातल्या मुलाकडे पहिल्यांदाच निघालेल्या पोलादपूरच्या एका काकींनी तिकिटाचा कागद माझ्यापुढे धरला. “भाऊ, यात अकरा नंबरची खिडकी मिळेल का?” कागदावरचं बोट थरथरत होतं.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, ११-ए आसनावरचा. तेव्हापासून अनेकांना तीच जागा हवी असते. पण त्या विमानात तिच्याजवळ संकटकालीन दार होतं; दुसऱ्या बनावटीच्या विमानात ११-ए दारापासून लांबही असू शकते. आकडा कुणाला तारत नाही.

ही भीती आपल्या ओळखीची आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात बस दरीत गेली. तिथेही एकच वाचला. तरीही आपण एसटीत बसतो, कारण रस्ता रोजचा आहे. अंतराच्या हिशेबात विमान रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, पण ते रोजचं नाही. म्हणून त्याचा एकच अपघात मनात घर करतो.

काकींना मी एवढंच सांगितलं: जागा कुठलीही मिळो, पट्टा बांधा, जवळच्या दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवा, वेळ आलीच तर सामान तिथेच सोडा. भीती वाटण्यात कमीपणा नाही. तिला सावधपणाच्या कामाला लावूया.

— संपादक