यंत्राला कोणाची मराठी कळते?

गेल्या महिन्यातील एक प्रसंग आहे. प्रस्तुत लेखकाच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, वय साठीच्या घरात, पती हयात नाहीत, अक्षरओळख नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान त्यांच्या बँक खात्यात जमा होते. दोन महिन्यांचे पैसे आले की नाही हे कळेना, म्हणून त्या आपला साधा फोन घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या बँकेने अलीकडे बोलून माहिती देणारी यांत्रिक सेवा सुरू केली आहे. फोन लावून दिला. पलीकडून गोड आवाजात विचारणा झाली. मावशी म्हणाल्या, ‘‘माजं निराधाराचं पैसं जमा झालं का न्हाई, तेवढं सांगा.’’ उत्तर आले, ‘‘क्षमस्व, आपले म्हणणे समजले नाही.’’ असे तीनदा झाले आणि फोन बंद पडला. मग त्याच फोनवरून प्रस्तुत लेखकाने विचारले, ‘‘माझ्या खात्यात किती रक्कम शिल्लक आहे?’’ क्षणार्धात आकडा सांगण्यात आला. मावशी एवढेच म्हणाल्या, ‘‘सर, त्या बाईला तुमचं कळतंय, माजं कळत न्हाई.’’

पैसे नेमके कोणत्या महिन्याचे, हे त्या आकड्यावरून कळणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी चारही घरचे काम बुडवून त्या शाखेत गेल्या आणि दुपारपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या.

प्रसंग लहान आहे. पण त्यात जो प्रश्न दडलेला आहे तो येत्या काही वर्षांत आपल्या प्रत्येक कार्यकर्त्यासमोर येणार आहे. इंग्रजीत ज्याला ‘व्हॉइस यूजर इंटरफेस’ म्हणतात, म्हणजे बटणे न दाबता आणि अक्षरे न वाचता केवळ बोलून यंत्राशी व्यवहार करण्याची सोय, ती आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती राहिलेली नाही. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा उद्देश भारतीय भाषांत भाषांतराची व बोलण्याची यांत्रिक साधने उपलब्ध करून देणे हा आहे. साध्या फोनवरून पैसे पाठविता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ आले. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठविण्याच्या ‘हॅलो यूपीआय’ची घोषणा झाली, ती प्रथम हिंदी व इंग्रजी या दोनच भाषांत होती आणि इतर भाषा मागाहून येतील असे सांगण्यात आले. पेन्शन, पीकविमा, शिधापत्रिका, तक्रार या सर्वांच्या खिडक्या हळूहळू अशा बोलक्या यंत्रांकडे जाणार, हे यावरून स्पष्ट दिसते.

या साधनाला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, महाराष्ट्रातील ८२.३४ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील लोकांपैकी देशात दर चौथ्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निरक्षर शेतकरी कागदाच्या व कारकुनाच्या हाती कसा सापडतो याचे विदारक वर्णन १८८३ सालीच करून ठेवले आहे. अक्षर ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, हा आपल्या समाजव्यवस्थेचा जुना न्याय. मध्ये कोणी अर्जनवीस, दलाल वा ‘सेवा केंद्र’वाला न घेता अशा माणसाला स्वतःच्या तोंडाने शासनाशी बोलता आले, तर तो मोठाच लाभ ठरेल. अंध बांधवांना आणि थरथरत्या हातांच्या वृद्धांनाही तो तितकाच उपयोगी आहे. तथापि अक्षरांची भिंत पाडता पाडता उच्चारांची नवी भिंत उभी राहत असेल, तर मावशींच्या दृष्टीने फरक काय पडला?

ही भिंत कशी उभी राहते हे समजण्यासाठी यंत्राचे काम थोडे पाहिले पाहिजे. ते साधारणतः चार टप्प्यांत चालते. माणसाचा आवाज ऐकून त्याचे शब्दांत रूपांतर करणे, त्या शब्दांमागील हेतू ओळखणे, पुढे काय विचारायचे वा सांगायचे ते ठरविणे आणि ते वाक्य आवाजात उच्चारणे. पहिला टप्पा यंत्र शिकते ते हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून. ज्यांचे आवाज त्या मुद्रणांत भरपूर आहेत त्यांचे बोलणे त्याला कळते. ज्यांचे नाहीत त्यांचे कळत नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम व मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची यंत्रे तपासण्यात आली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यातील सरासरी १९ टक्के शब्द ती चुकीचे ऐकत होती. काळ्या माणसांच्या बाबतीत हे प्रमाण ३५ टक्के होते. यंत्राच्या मनात वंशद्वेष नसतो, कारण त्याला मनच नसते. समाजातील विषमता मात्र मुद्रणांच्या वाटेने त्याच्यात उतरते.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात, जिल्हा आणि शिक्षण ठेवा. मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा. पण ती एका सुरात बोलली जात नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा माणूस बँकेच्या यंत्राशी पुण्याच्या पाठ्यपुस्तकातील मराठीत का म्हणून बोलेल? आदिवासी भाषांची गोष्ट याहून गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत भिली भाषकांची संख्या एक कोटीच्या वर आहे आणि संस्कृत मातृभाषा सांगणाऱ्यांची पंचवीस हजारांच्या आत. तरी आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत संस्कृत आहे, भिली नाही. शासनाची भाषिक साधने प्रथम अनुसूचीनुसार आखली जातात. सबब नंदुरबारचा भिल्ल आणि गडचिरोलीचा गोंड रांगेत मागे राहतात. २०२५ साली केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या नावाने संथाळी, भिली, मुंडारी व गोंडी या चार भाषांसाठी प्रायोगिक साधन आणले, हे स्वागतार्हच आहे. परंतु प्रयोग आणि हक्क यांत अंतर असते.

प्रश्न बोलीभाषेपाशी संपत नाही. संवादाची आखणी करणाऱ्याने बोलणाऱ्याचा व्यवहार जाणला पाहिजे. बाजारात आपला माणूस ‘दीडशे’, ‘पावणेदोन हजार’, ‘अडीच हजार’ असे बोलतो. हे आकडे न समजणारे यंत्र पैशांच्या व्यवहारात धोकादायक आहे. ‘परवा’ हा आपला शब्द मागचाही आहे आणि पुढचाही. ‘परवा पैसे काढले’ आणि ‘परवा पैसे पाठवा’ यांतला भेद यंत्राला क्रियापदावरून करता आला पाहिजे आणि शंका आल्यास विचारता आले पाहिजे. वृद्ध माणूस बोलता बोलता थांबतो. त्याचे वाक्य पुरे होण्यासाठी किती क्षण वाट पाहायची, हे कोणीतरी कार्यालयात बसून ठरविलेले असते. कागदावरची यादी पुन्हा पाहता येते, ऐकलेली यादी हवेत विरते. म्हणून नऊ पर्याय एका दमात ऐकविणे म्हणजे ऐकणाऱ्याची थट्टा होय. आणि रक्कम हातातून जाण्यापूर्वी ‘आपण अमुक नावाला एक हजार सातशे पन्नास रुपये पाठवीत आहात, बरोबर आहे काय?’ असे विचारून, चूक असल्यास मागे फिरण्याची वाट ठेवणे हा सौजन्याचा नव्हे, हक्काचा भाग आहे.

या बाबतीत गुजरातेतील एक अनुभव उद्बोधक आहे. तेथे शेतकऱ्यांसाठी ‘अवाज ओटलो’ नावाची दूरध्वनी सेवा उभारण्यात आली होती. तिच्यावर शेतकरी आपले प्रश्न मुद्रित करीत आणि इतरांचे प्रश्न व उत्तरे ऐकत. त्याच सुमारास २००९ साली तेथील ग्रामीण लोकांबरोबर बोलून आज्ञा देण्याची व फोनची बटणे दाबण्याची अशा दोन पद्धतींची तुलना करण्यात आली, तेव्हा बटणांच्या पद्धतीने काम अधिक लोकांना पुरे करता आले. ‘अशिक्षितांना बोलणेच सोपे’ हे शहरी गृहीतक तपासणीत टिकले नाही. मध्य भारतात २०१० पासून चाललेल्या ‘सीजीनेट स्वर’ने तर याहून साधा मार्ग धरला. माणसाने आपल्या भाषेत, गोंडीतसुद्धा, आपली बातमी वा तक्रार फोनवर सांगावी आणि ती माणसांनी तपासून इतरांना ऐकवावी. दोन्हींचा बोध एकच आहे. ज्यांच्यासाठी साधन करावयाचे, त्यांच्यात बसून ते करावे लागते.

आता या विषयाचे अर्थशास्त्र पाहू. यंत्राला बोलायला व ऐकायला शिकविण्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे माणसाचा आवाज. तो पुरविणे हे श्रम आहेत. ‘भाषिणी’ने नागरिकांना ‘भाषादान’ करण्याचे आवाहन केले आहे. सार्वजनिक हितासाठी दान करण्यास कोणाची हरकत असणार? परंतु गरिबाने दिलेल्या आवाजावर उभी राहिलेली साधने उद्या खाजगी कंपन्या शुल्क आकारून त्यालाच विकणार असतील, तर त्या दानाला दान म्हणता येणार नाही. बंगळुरूच्या ‘कार्या’ या संस्थेने ध्वनिमुद्रण करणाऱ्या ग्रामीण लोकांना किमान वेतनाहून पुष्कळ अधिक मोबदला देण्याचा आणि ते मुद्रण पुन्हा विकले गेल्यास त्यांना वाटा देण्याचा पायंडा पाडला आहे. म्हणजे हे शक्य आहे. उद्योगाला ते परवडत नाही, ही सबब यापुढे ऐकून घेण्याचे कारण नाही.

आवाज हा माणसाची ओळखही असतो. २०२३ साली अमेरिकन शासनाने ॲमेझॉनवर, ‘अलेक्सा’ने मुलांच्या आवाजाची मुद्रणे अवाजवी काळ ठेवली असा ठपका ठेवला आणि अडीच कोटी डॉलरच्या दंडावर ते प्रकरण मिटले. आपला २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमतीचे तत्त्व मान्य करतो, पण अनुदाने व लाभ देताना शासनाला त्यातून बरीच सूटही देतो. निराधार विधवेच्या तक्रारीचे मुद्रण किती दिवस ठेवले जाते, ते कोण ऐकते, याचे उत्तर तिला तिच्या भाषेत मिळाले पाहिजे.

शेवटचा मुद्दा रोजगाराचा व जबाबदारीचा. २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले तेव्हा पलीकडे शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस बसविण्यात आला होता. तो शेतकऱ्याची अडखळती भाषा समजून घेई, उलट प्रश्न विचारी. यंत्र आले की या खुर्च्या कमी करण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थापनाला होणार आहे. यंत्राने नित्याचे प्रश्न सोडवावेत आणि मोकळा झालेला कर्मचारी अवघड प्रश्नांना मिळावा, अशी मांडणी झाली तर ती प्रगती. मात्र यंत्राला कळले नाही म्हणून फोन तुटतो आणि मागे माणूसच उरत नाही, अशी मांडणी झाली तर दोषाचा धनी कोणीच राहत नाही. जुना कारकून उद्धट असला तरी त्याच्यापुढे ठिय्या देता येत असे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक बोलक्या सेवेला काही अटी घातल्या जाव्यात. ती सुरू करण्यापूर्वी त्या त्या जिल्ह्यातील शेतमजूर, वृद्ध, स्त्रिया व आदिवासी यांच्याकडून वापरून पाहावी आणि कोणाचे बोलणे किती चुकते याचे आकडे जिल्हावार व भाषावार प्रसिद्ध करावेत. दोनदा समजले नाही तर तिसऱ्या वेळी फोन माणसाकडे गेला पाहिजे. बटणांची सोय कायम राहिली पाहिजे आणि शाखेतील खिडकी बंद होता कामा नये. केलेल्या तक्रारीचा क्रमांक मिळाला पाहिजे, कारण बोललेल्या शब्दाला पावती नसते. आवाजाचे मुद्रण संमतीविना ठेवू नये आणि सार्वजनिक खर्चाने जमविलेले मुद्रण खाजगी नफ्यासाठी फुकट देऊ नये.

आपल्या कार्यकर्त्यांना याकरिता संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही. आपापल्या भागात एका रविवारी दहा-वीस माणसे जमवावीत, शासकीय व बँकांच्या दूरध्वनी सेवांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच प्रश्नांसह फोन लावून द्यावेत आणि किती जणांना उत्तर मिळाले याची साधी नोंद वहीत करावी. खाते क्रमांक वा गुप्त आकडे मात्र कोणी कोणाला सांगू नयेत. अशा नोंदी तालुक्या-तालुक्यातून आल्या, तर विधिमंडळात प्रश्न विचारण्यास आणि बँकांच्या दारात जाण्यास ठोस आधार मिळेल. मावशींची नोंद आम्ही आमच्या वहीत पहिल्या पानावर केली आहे.