माळाच्या रानात ओल कशी धरावी?



चुडावा, पूर्णा या भागाचे नाव निघाले की लोकांना काळी कसदार जमीन आठवते. पण त्यातली आपल्या वाट्याला किती आली? 1964 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायराने कसली. ही राने बहुधा माळाची, मुरमाड, रेताड. पावसाने आठ दिवस ताण दिला की पीक माना टाकते आणि बोल कसणाऱ्याला लागतो. दोष त्याचा नाही, मातीचा आहे. तो कमी करता येतो.

रेताड मातीचे कण मोठे आणि त्यांच्यामधली जागाही मोठी. पाणी खाली निघून जाते, जाताना खतही नेते. कुजलेले शेणखत मातीचे कण बांधते आणि ओल धरून ठेवते. लेकरांना हे दाखवा. दोन डब्यांना खाली भोके पाडा. एकात नुसती रेताड माती भरा, दुसऱ्यात तीच माती, पण चौथा हिस्सा शेणखत मिसळून. दोन्हीत एक-एक तांब्या पाणी थोडे-थोडे ओता. कोणत्या डब्यातून जास्त पाणी गळाले ते लेकरेच सांगतील.

म्हणून सगळे शेण गोवऱ्यांत घालवू नका. धसकटे, पालापाचोळा पेटवू नका, खड्ड्यात कुजवा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 5 टन शेणखत सांगतात. घरी ढोरे नसतील तर ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच गाडावा.

तलावाचा गाळही चांगला. त्यातले बारीक कण ओल धरतात. उन्हाळ्यात पातळ थर पसरून वखराने मिसळावा. पांढरा खार फुटलेला गाळ मात्र घेऊ नये. राज्य शासनाने 2017 साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. ट्रॉलीचे भाडे एकट्याला जड जाते. चार घरांनी मिळून आणावा.

दुकानात पाणी धरणारी पावडरही मिळते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेले पुसा हायड्रोजेल एकरी 1 ते 2 किलो लागते. ते ओल धरते, पण मातीला कस देत नाही. कर्ज काढून घेण्याआधी उकिरड्याकडे बघा. माती तपासायची असेल तर परभणीचे कृषी विद्यापीठ आपलेच आहे.

शेवटचे सांगणे. सातबारा नावावर नसेल तर दंडाच्या पावत्या, गाव नमुना 1-ई मधली नोंद जपून ठेवा. मातीत घातलेले खत दोन-तीन वर्षे साथ देते. ती वर्षे रान आपल्याच हाती राहिले पाहिजे. खताचा खड्डा आणि कागदाची पिशवी, दोन्ही सांभाळा.

भवतु सब्ब मंगलं.