रकान्यातले शब्द आणि कामाचे शब्द

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या भागांतील जे तरुण स्पर्धा परीक्षांच्या अथवा परदेशी विद्यापीठांतील प्रवेशाच्या तयारीस लागले आहेत, त्यांच्या दप्तरात हटकून एक वही आढळते. तिच्या डाव्या रकान्यात भारदस्त इंग्रजी शब्द आणि उजव्या रकान्यात त्याचा एका शब्दातला मराठी अर्थ लिहिलेला असतो. रोज सकाळी ठरलेले शब्द घोकावयाचे आणि रविवारी त्यांची परीक्षा द्यावयाची, हा क्लासचा शिरस्ता. या खटाटोपाचा उपहास करण्याचा अधिकार निदान पुणेकरांना तरी नाही. ज्या घराण्यांनी तीन-चार पिढ्यांपूर्वी इंग्रजी विद्येच्या बळावर नोकऱ्या व प्रतिष्ठा संपादन केली, त्यांच्या वंशजांनी आज प्रथमच त्या भाषेच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना ‘इतके इंग्रजी कशाला?’ असे विचारणे शोभत नाही. तक्रार महत्त्वाकांक्षेविषयी नसून तिच्यासाठी योजिलेल्या साधनाविषयी आहे.

हे साधन सदोष का, याचे उत्तर त्या वहीचे एक पान देते. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी. त्याच्याच खाली ‘पार्सिमोनियस’, अर्थ पुन्हा काटकसरी. रकान्यावर विश्वास ठेवून एखाद्या उमेदवाराने नोकरीच्या अर्जात स्वतःचे वर्णन दुसऱ्या शब्दाने केले, तर आपण जपून खर्च करणारे आहोत असे सांगण्याऐवजी आपण चिक्कू आहोत, अशी कबुलीच त्याने साहेबांच्या टेबलावर ठेविली असे होईल. पाठांतर चोख आणि अर्थही ढोबळ मानाने खरा. परंतु पहिल्या शब्दात प्रशंसा असते आणि दुसऱ्यात बहुधा निंदा, याचा तपशील त्या अरुंद रकान्यात मावत नाही. शब्द कोणत्या वाक्यात, कोणाविषयी आणि कोणत्या भावाने वापरला जातो हे जोवर कळले नाही, तोवर त्याचा अर्थ कळला असे म्हणता येत नाही.

ही गोष्ट पटण्यासाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही. विश्रांतवाडीपासून हाकेच्या अंतरावर, येरवड्यास, डेक्कन कॉलेज उभे आहे. तेथे 1948 साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या बृहत्कोशाचे कार्य आरंभिले गेले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचावयाचा, तो ज्या संदर्भात आला तो संदर्भ चिठ्ठीवर उतरवावयाचा आणि मग कालानुक्रमाने त्याच्या अर्थच्छटा मांडावयाच्या, अशी ही पद्धती असून अशा चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला भाग प्रसिद्ध होण्यास 1976 साल उजाडले. अठ्ठावीस वर्षे खपून विद्वानांनी जी दक्षता पाळली, ती विद्यार्थ्याने पाळावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु नव्या शब्दासोबत तो जेथे भेटला ते वाक्यही टिपून ठेवावे, एवढा धडा त्या चिठ्ठ्यांपासून विनासायास घेता येतो.

याच कॉलेजचे एक विद्यार्थी गोपाळ गणेश आगरकर यांनी 1883 साली शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणिले. रकान्यातल्या अर्थांवर विसंबून असे काम होत नाही. त्यासाठी दोन्ही भाषांतील शब्दांचे वजन तोलता यावे लागते. ज्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरविल्या, त्या सामान्य विद्यार्थ्यांनाही शब्द देऊन लगेच त्यांची वाक्ये करावयास लावले जाई आणि त्यामुळे शब्द हातात रुळत असे.

यावर क्लासचालकांची कैफियत अशी असते की, परीक्षेस मुदत थोडी असल्याने कादंबऱ्या वाचीत बसण्यास सवड कोणाला आहे? ही अडचण खोटी नव्हे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत समानार्थी व विरुद्धार्थी शब्द आजही विचारले जातात, तेव्हा काही पाठांतर अपरिहार्य आहे. परंतु परदेशी परीक्षांचा कल केव्हाच पालटला आहे. जीआरईने ऑगस्ट 2011 पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे बंद करून वाक्यातील रिकाम्या जागांवर भर दिला आणि सॅटनेही 2016 साली दुर्मीळ शब्दांची परीक्षा घेण्याचे सोडून संदर्भावरून अर्थ ओळखण्यास प्राधान्य दिले. परीक्षकांनी टाकून दिलेले हत्यार परजीत बसण्यात कोणते शहाणपण आहे? शिवाय खराडी-कल्याणीनगरच्या कचेऱ्यांत मुलाखतीस गेलेल्या उमेदवाराकडून अपेक्षा असते ती नेमकेपणाने बोलण्याची. दुर्बोध शब्दांची पेरणी तेथे बहुधा आड येते.

म्हणून तजवीज करावयाची ती अभ्यासिकांत. आज तेथे टेबल, दिवा आणि शांतता मिळते, मात्र वाचावयास इंग्रजी क्वचितच असते. महापालिकेने प्रत्येक अभ्यासिकेत दोन इंग्रजी दैनिके, सोप्या कादंबऱ्यांचे एक कपाट आणि उदाहरणांसह अर्थ देणारा चांगला कोश ठेवावा. क्लासचालकांनी रोजच्या शब्दांची संख्या निम्म्यावर आणून उरलेल्या वेळात प्रत्येक शब्दाची दोन वाक्ये लिहवून घ्यावीत आणि ती तपासावीत. खर्च अल्प आहे, श्रम मात्र आहेत. फी भरणाऱ्या पालकांनीही यापुढे ‘मुलाचे किती शब्द पाठ झाले?’ ही चौकशी सोडून त्याने आठवड्यात काय वाचले आणि काय लिहिले, याचा हिशेब मागावा. पालक जे मागतील तेच क्लास पुरवितात.